नाकावरची गादी

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रत्नागिरी येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर आपण कुलवृत्तांतावर, मुलामुलींच्या उच्च शिक्षणावर आणि लग्नकार्यांतील वाढत्या खर्चावर पुष्कळ उद्बोधक विचार ऐकले आहेत. त्या मालिकेत आम्ही आज जो विषय मांडणार आहोत तो ऐकून पाठीमागच्या रांगांतून हसू उमटेल याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. विषय आहे तळहातात मावणाऱ्या, रबरासारख्या लवचिक अशा एका लहानशा वस्तूचा. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर जे यंत्र वापरतात, त्याच्या मास्कला नाकाभोवती बसणारी एक मऊ कड असते. विक्रेते तिला ‘कुशन’ म्हणतात. आमच्या घरी तिला ‘गादी’ हे नाव पडले आहे, आणि तेच आम्ही येथे वापरू. आम्ही वैद्य नव्हे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविलेला एक मॅट्रिक झालेला शिक्षक एवढीच आमची पात्रता. तथापि ही गादी झिजली असता काय होते, हे आम्ही स्वतःच्या नाकावर आणि स्वतःच्या संसारावर अनुभवले आहे. त्यातून एक मागणीही आम्हांस संघापुढे ठेवावयाची आहे. ती शेवटी सांगू.

प्रारंभ आमच्या थोरल्या बंधूंपासून करावा लागेल. त्यांना आम्ही सर्व भावंडे दादा म्हणत असू. आमच्या मूळ गावच्या घरी पडवीत त्यांचे अंथरूण असे, आणि त्यांच्या घोरण्याचा आवाज माजघरापर्यंत पोहोचत असे. मोठ्याने घोरतो त्याला गाढ झोप लागते, असा त्या काळी सर्वांचाच समज होता. कुंभकर्णाचे उदाहरण तर तोंडपाठ. घरातील मुले रात्री एक खेळ खेळत. दादांचे घोरणे चालता चालता मध्येच एकदम थांबे. मग पोरे बोटांवर अंक मोजू लागत. दहा, पंधरा, कधी वीसपर्यंत मोजणी जाई, आणि मग दादा एक मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेत. ज्याचा अंक बरोबर येई तो जिंकला. आम्हीही त्या खेळाला हसलो आहोत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एका पहाटे दादा उठले नाहीत. त्यांच्या मृत्यूचे कारण त्या थांबलेल्या श्वासातच होते, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. कोणी तपासलेच नव्हते. परंतु ज्याला आम्ही खेळ समजत होतो त्याला वैद्यकात नाव आहे आणि त्यावर उपाय आहे, हे आम्हांस कळले तेव्हा आमचे स्वतःचे वय अठ्ठावन्नास टेकले होते.

त्या विकाराचे नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल होतात की जीभ आणि टाळू मागे कलून श्वासाची वाट बंद होते. छाती श्वास ओढण्याचा यत्न करीत असते, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, वाट मोकळी होते आणि पुन्हा तोच क्रम सुरू होतो. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला वा फारच मंदावला तर तो एक खंड धरतात. तासाला असे पाचपेक्षा कमी खंड असतील तर चिंता नसते. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तिसांच्या वर गेले तर विकार तीव्र. कोल्हापूरच्या एका रुग्णालयात रात्रभर तारा लावून आमची तपासणी झाली तेव्हा आमचा अंक एक्केचाळीस आला. डॉक्टर म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही रात्री झोपत नाही, तुम्ही रात्रभर कुस्ती करता.’

हा विकार केवळ पाश्चात्त्यांचा वा धनिकांचा, असे समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी पस्तीस ते पासष्ट वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात शंभरांमागे साडेएकोणीस जणांत झोपेतील श्वासाचा दोष आढळला, आणि साडेसात जणांत त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते. या सभागृहात चाळिशी ओलांडलेले पुरुष किती बसले आहेत, ते ज्याने त्याने मनातल्या मनात मोजावे.

आमच्या बाबतीत घोरणे घरच्यांनी सहन केले होते. आमची सौभाग्यवती त्याला मिरकरवाड्याच्या बंदरातील होडीच्या इंजिनाची उपमा देत असे. आम्हांस खरा धक्का बसला तो हातखंब्याच्या उतारावर. दुपारची वेळ होती, ऊन होते, आम्ही स्कूटरवरून शहराकडे परतत होतो. एका क्षणी रस्ता दिसत होता, आणि दुसऱ्या क्षणी मागून येणाऱ्या ट्रकच्या भोंग्याने आम्ही जागे झालो. चाक रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरलेले होते. मधले किती अंतर आम्ही झोपेत कापले, ते परमेश्वरास ठाऊक. त्यानंतरच आम्ही तपासणीस तयार झालो.

उपाय म्हणून सीपॅप यंत्र मिळाले. यंत्र म्हणजे एक लहानसा पंखा. तो हवा ओढून नळीवाटे मास्कमध्ये सोडतो, आणि त्या हवेच्या दाबाने घशाची वाट रात्रभर उघडी राहते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात. यंत्रे साधारणतः चार ते वीस सेंटिमीटरपर्यंत दाब देतात. आमचा दाब अकरा ठरला. म्हणजे किती, हे मुलांना शिकवावयाचे तर आम्ही असे सांगू : पेल्यात अकरा सेंटिमीटर पाणी भरा, नळी तळापर्यंत बुडवा आणि फुंका. तळाशी पहिला बुडबुडा सुटण्यासाठी जो जोर लागतो, तोच आमच्या घशाची राखण करतो. इतका अल्प दाब! परंतु अल्प असल्यामुळेच तो सहज वाया जातो. कोठे फट पडली की हवा तिकडून निसटते आणि घसा पुन्हा मिटू लागतो.

या यंत्राचा जन्मही मनोरंजक आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा उपचार प्रथम प्रसिद्ध केला. आरंभीच्या काळी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन त्यावरून मास्क घडवीत, आणि तो दररोज रात्री सिलिकोनच्या चिकट द्रव्याने नाकाभोवती डकवीत. रोज रात्री डकवावयाचा आणि रोज सकाळी ओरबाडून काढावयाचा! पंख्याचे काम आपण आता केर काढण्यास वापरतो तशा यंत्राच्या मोटारीने होई. यंत्र चालत होते, घसाही उघडा राहत होता. अडचण राहिली होती ती एवढीच, की नाक आणि मास्क यांच्यामधली फट कशाने बुजवावयाची. हवेच्या दाबाने स्वतःच फुगून चेहऱ्यास बिलगणारी सिलिकोनची पातळ कड निघाली, तेव्हा कुठे हा उपचार घरोघरी शक्य झाला. यंत्राची सारी कीर्ती मोटारीला मिळते. परंतु उपचार टिकतो तो या कडेवर.

आता त्या कडेची रचना पाहू, कारण आमची चूक ही रचना न समजल्यामुळे झाली. गादीला सामान्यतः दोन भिंती असतात. बाहेरची जाड, ती आकार धरून ठेवते. आतली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि आत वळलेली. यंत्र सुरू झाले की हवा त्या पातळ पापुद्र्याच्या मागे शिरते, त्याला फुगविते आणि नाकाच्या बाजूंच्या खाचखळग्यांत दाबून बसविते. म्हणजे फट बंद करण्याचे काम पट्ट्यांनी आवळून होत नाही. ते हवाच करते. पट्ट्यांनी मास्क जागेवर धरावयाचा, इतकेच. पट्टे अतिशय आवळले तर पापुद्रा चिरडतो, त्याला फुगावयास जागा उरत नाही, आणि गळती थांबण्याऐवजी वाढते.

आम्ही नेमके उलटे केले. पहिली गादी आम्ही दोन वर्षे आठ महिने वापरली. जुनी वस्तू टाकावयाची नाही, ती चालवावयाची, ही आपल्या कोकणी माणसाची शिकवण. गळकी छत्री शिवून घेणारे आम्ही, दिसावयास धड असलेली गादी टाकणार कशी? सहा-सात महिन्यांनी मास्कमधून रात्री हलकी शिटी येऊ लागली. आम्ही पट्टे एक बोट आवळले. पुढे पहाटे उजव्या डोळ्यात वारा जाऊन डोळा कोरडा पडू लागला. आणखी एक बोट आवळले. नाकाच्या वरच्या हाडावर लाल वण उमटला, त्याची जखम झाली, तिच्यावर आम्ही पट्टी चिकटविली. पट्टीमुळे फट आणखी वाढली. शेवटी मास्कच्या पुढच्या भागातील बारीक छिद्रांतून हवा सुटते आहे असे पाहून आम्हांस वाटले, चोर सापडला. आम्ही त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली.

बंधुभगिनींनो, हे कोणीही कदापि करू नये. ती छिद्रे गळतीची नव्हेत, ती मुद्दाम ठेवलेली असतात. आपण सोडलेला अशुद्ध वायू त्यांतूनच बाहेर जातो. ती बुजविली तर तोच वायू पुन्हापुन्हा श्वासात येतो. त्या रात्री आम्ही जड डोक्याने आणि घामाघूम होऊन उठलो. यंत्र बसवून देणाऱ्या तरुणाला हे फोनवरून सांगितले तेव्हा तो क्षणभर बोललाच नाही. नंतर म्हणाला, ‘गुरुजी, आधी ती पट्टी काढा, मग बोलू.’ आयुष्यभर मुलांना ‘आधी वाचा, मग लिहा’ असे सांगणाऱ्या आम्ही यंत्रासोबतची पुस्तिका कपाटात तशीच ठेवली होती.

त्यानंतर यंत्रावरचा विश्वासच उडाला. आज मास्क लावू, उद्या नको, असे करता करता तो खुंटीवर लटकला. दुपारी डुलक्या पुन्हा सुरू झाल्या. आणि एका रात्री आम्ही पाणी पिण्यास उठलो तर सौभाग्यवती अंथरुणात बसून होती. विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘तुमचा श्वास थांबतो तेव्हा मी मोजत बसते. पंचवीसपर्यंत गेले की हलवते.’ पडवीतला तो जुना खेळ आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. किती रात्री ती अशी बसत होती, ते तिने सांगितले नाही.

आमची अडचण तिनेच सोडविली. दुसऱ्या दिवशी तिने मास्क हातात घेतला, गादीवरून बोट फिरविले आणि म्हणाली, ‘अहो, कुकरची रिंग सैल झाली की आपण झाकण दोरीने आवळून बांधतो का? रिंगच बदलतो ना?’ छत्तीस वर्षांच्या अध्यापनात इतके सोपे उदाहरण आम्हांस सुचले नव्हते. नवी गादी पुण्याहून कुरिअरने मागविली. तिला दोन हजारांच्या आसपास रुपये पडले, आणि ती हाती यावयास पाच दिवस लागले. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तेव्हा फरक डोळ्यांस दिसला. नवी पाण्यासारखी स्वच्छ, तिचा पापुद्रा फुंकरीनेही हलणारा. जुनी पिवळट, कडेला लाटेसारखी वाकलेली, आणि नाकाच्या हाडाशी नखाएवढी चीर. यंत्राच्या पडद्यावर श्वासखंडांचा अंक ताशी चौदापर्यंत चढला होता; नव्या गादीनंतर आठवड्याभरात तो तिनावर आला. पट्टे आम्ही चक्क सैल केले.

आता व्यवहाराचे चार शब्द. गादी झिजते कशाने? मुख्यतः आपल्याच चेहऱ्याच्या तेलाने आणि घामाने, नंतर उन्हाने, आणि चुकीच्या धुण्याने. आपल्याकडे रात्री डोक्यास आणि तोंडास खोबरेल लावून निजण्याची पद्धत आहे. मास्क वापरणाऱ्याने निदान तोंडापुरती ती सोडावी. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुवावे. सकाळी उठल्यावर गादी मास्कपासून सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबणाने बोटांनीच चोळावी, साबण पुरता निघेपर्यंत धुवावी आणि सावलीत वाळवावी. घासणी नको. स्पिरिट, ब्लीच वा वासाची जंतुनाशके नकोत. ती सिलिकोनला कडक करतात आणि त्यांचा वास रात्रभर छातीत जातो. गच्चीवर उन्हात वाळविणे म्हणजे गादीचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. ओझोन वायूने मास्क स्वच्छ करणाऱ्या महागड्या पेट्या बाजारात मिळतात. त्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० सालीच सावधगिरीची सूचना दिलेली आहे. कोमट पाण्याने जे काम होते त्याला पेटी कशाला?

रत्नागिरीच्या पावसाळ्याचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. आषाढात येथे कपाटातील चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते, तेथे नळी आणि मास्क सुटतील असे मानू नये. त्या दिवसांत धुतल्यावर आम्ही स्वच्छ सुती फडक्याने टिपून घेतो आणि पंख्याखाली, चुलीच्या धुरापासून दूर, टांगतो. नळी दोन्ही टोके खाली करून दोरीवर टाकावी म्हणजे आत पाणी राहत नाही. हवा ओलसर करणारी पाण्याची डबी ज्या यंत्राला आहे, तिच्यात विहिरीचे पाणी न घालता औषधांच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले रोज ओतून टाकावे. मुंग्या आणि पाली यांच्यापासून राखण्यासाठी आम्ही मास्क वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवतो. मिशीचेही सांगितले पाहिजे. नाकाखालून गळती होत असेल तर गादीवर दोष ठेवण्यापूर्वी आरशात पाहावे. आम्ही चाळीस वर्षांची मिशी निम्मी केली. नातवंडांनी आठवडाभर ओळख दाखविली नाही.

गादी बदलण्याची वेळ कशी ओळखावी, हा खरा प्रश्न. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत नाकाच्या गाद्या महिन्याला दोनपर्यंत आणि मास्क तीन महिन्यांनी बदलता येतो. तेथे पैसे विमा देतो. येथे बहुतेकांस ते स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने ते वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे शहाणपणाचे नाही, असे आमचे मत आहे. पण ‘फाटेपर्यंत वापरू’ हे दुसरे टोक आम्ही स्वतः भोगले. म्हणून आम्ही दर रविवारी धुताना गादी खिडकीच्या उजेडासमोर धरतो. रंग पिवळा वा धुरकट झाला आहे काय, पापुद्रा चिकट, कडक वा लुळा पडला आहे काय, बोटाने हलकेच ओढून सोडला तर तो लगेच पूर्ववत होतो काय, कोठे चीर आहे काय, हे पाहतो. याहूनही भरवशाची खूण म्हणजे पट्टा. ज्या खुणेवर तो नवी गादी आणली तेव्हा बसत होता, तेथे आम्ही शाईने रेघ मारून ठेवली आहे. रेघेच्या पलीकडे आवळण्याची गरज पडू लागली की गादीचे दिवस भरले असे समजतो. काही यंत्रांच्या पडद्यावर मास्क नीट बसला असता हसरा चेहरा येतो आणि गळती असता रडका. तोही रोज सकाळी पाहावा, वर्तमानपत्र नंतर. आमची गादी या हिशेबाने साधारण सहा महिने टिकते. कोणाची चार टिकेल, कोणाची आठ. ज्याच्या चेहऱ्यास घाम अधिक, त्याची लवकर जाईल. नवी येईपर्यंतचे पाच दिवस कोरडे जाऊ नयेत म्हणून एक गादी आम्ही नेहमी शिल्लक ठेवतो, आणि मास्कचे नाव व गादीचे माप वहीत लिहून ठेवतो. नाव एक आणि माप दुसरे आले की पैसे फुकट जातात. नाकाचे माप वजनाबरोबर फारसे बदलत नाही, पण गालांचे बदलते. दहा किलो वजन उतरलेल्याने मापाची खात्री पुन्हा करून घ्यावी.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविला आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या चकत्या असतात. अशा चुंबकामुळे पेसमेकर आणि तत्सम उपकरणांत व्यत्यय येण्याचा संभव असल्याची सूचना फिलिप्स कंपनीने २०२२ साली आणि रेसमेड कंपनीने २०२३ साली दिली. असा मास्क रुग्णाने तर नाहीच, त्याच्या शेजारी निजणाऱ्याच्या छातीत यंत्र असेल तरीही डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. आपल्याकडे नवऱ्याचा मास्क आणि बायकोचा पेसमेकर एकाच खोलीत असण्याचा प्रसंग अगदीच दुर्मीळ नाही.

जुनी यंत्रे एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्याविषयीही बोलणे प्राप्त आहे. कोणी निवर्तले की घरची मंडळी सद्भावनेने यंत्र दुसऱ्या गरजवंतास देतात. देण्यास आमची हरकत नाही. पण दाब डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा, आणि गादी व नळी मात्र नवीच घ्यावी. दुसऱ्याच्या नाकाच्या आकाराला मळलेली गादी आपल्याला बसत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ते इष्ट नव्हे. शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने ड्रीमस्टेशनसारखी आपली लक्षावधी यंत्रे परत घेण्याचे जाहीर केले होते, कारण त्यांतील आवाज शोषणारा फोम कुजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. ती यंत्रे २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनविलेली होती. जुने यंत्र दान घेणाऱ्याने त्याच्या खालची पट्टी वाचून त्याचा क्रमांक पडताळून घ्यावा.

आता आमची मागणी. आपल्या संघाचा वैद्यकीय साहाय्यनिधी आहे आणि त्यातून गेल्या काही वर्षांत तीन कुटुंबांस सीपॅप यंत्रासाठी मदत झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. निधीचा नियम मात्र असा, की एका आजारासाठी एका व्यक्तीस एकदाच साहाय्य. आम्ही या तिन्ही घरी जाऊन आलो. एका घरी यंत्र नित्य चालू आहे, कारण मुलगा पुण्यात असतो आणि गाद्या पाठवितो. दुसऱ्या घरी आजोबा मास्क लावतात, पण नाकावर जखम आणि पट्टे इतके आवळलेले, की आम्हांस आमचेच जुने चित्र दिसले. तिसऱ्या घरचे यंत्र माळ्यावर आहे. आमचे ते बंधू टेंपो चालवितात. आंब्याच्या हंगामात संध्याकाळी पेट्या भरून निघतात आणि रातोरात महामार्गाने वाशीचा बाजार गाठतात. यंत्र का लावीत नाही असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मास्तर, ते शिट्ट्या मारतं. कुशन फाटलंय. यंत्र संघानं दिलं, आता कुशनसाठी कोणत्या तोंडानं मागू?’ त्यांच्याशेजारी गाडीत त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा बसतो.

हातखंब्याचा उतार आम्ही दिवसा, रिकाम्या स्कूटरवरून उतरत होतो. ते रात्री, भरल्या गाडीने उतरतात.

निधीच्या नियमात एका वाक्याची भर घालावी, एवढेच आमचे म्हणणे आहे : ज्या उपकरणासाठी संघाने एकदा साहाय्य केले, त्याच्या झिजणाऱ्या भागांसाठी दरवर्षी ठराविक रकमेपर्यंत साहाय्य अर्ज न मागविताच द्यावे. ‘अर्ज न मागविता’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. मागावे लागले की आपला माणूस मागत नाही, तो यंत्र माळ्यावर टाकतो. सीपॅप असो, कानात घालण्याचे यंत्र असो वा साखर तपासण्याच्या पट्ट्या असोत, तत्त्व एकच. तीन कुटुंबांच्या वर्षाच्या गाद्यांचा खर्च यंदाच्या संमेलनातील मांडवाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे. मांडव सुंदर आहे, हे आम्ही मान्य करतो. कोषाध्यक्षांनी आम्हांस सांगितले आहे की हा विषय दुपारच्या सर्वसाधारण सभेत घेता येईल. सूचक म्हणून आमचे नाव दिलेले आहे, अनुमोदक हवा आहे. टेंपोवाल्या बंधूंची गादी आम्ही स्वतः मागविली आहे. पहिल्या मोहोराचा आंबा निघण्यापूर्वी ती पोहोचेल.

जुनी आणि नवी अशा दोन्ही गाद्या आम्ही पिशवीतून आणल्या आहेत आणि चहाच्या वेळी त्या नोंदणीच्या टेबलावर ठेवू. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी दोन्ही हातात घेऊन, पापुद्रा ओढून पाहावा. यंत्र नाही पण रात्री कोणीतरी श्वास मोजत बसते, अशा घरच्या भगिनींनी आमच्या सौभाग्यवतीस भेटावे. ती दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसली आहे.